नाहीशा झालेल्या चर्चचा आणि त्याच्या युद्धस्मारकाचा माग कसा काढावा

लंडनच्या ‘सिटी’ भागात, म्हणजे शहराच्या जुन्या, आता ऑफिसांनी भरलेल्या गाभ्यात, ओल्ड ब्रॉड स्ट्रीटच्या पश्चिम बाजूला, सेंट पीटर ल पोअर नावाचं चर्च होतं. १६६६ ची मोठी आग त्याच्यापर्यंत पोचली नाही. पुढे जुनी इमारत काढून जेसी गिब्सन या वास्तुविशारदाने १७८८ ते १७९२ या काळात ते नव्याने बांधलं, आतून गोल. १९०७ मध्ये ते पाडलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं १९१४ मध्ये, तेव्हा या चर्चला त्या युद्धाचं स्मारक कुठून असणार? पण आहे. चालत पाच-सात मिनिटांवर, कॉर्नहिल रस्त्यावरच्या सेंट मायकल चर्चच्या दाराशी ते उभं आहे.

हे कोडं सुटलं की पुढचं बरंचसं काम सोपं होतं. इमारत पडते, पण पॅरिश, म्हणजे त्या चर्चचा हद्दीने बांधलेला इलाखा, सहसा पडत नाही. तो शेजारच्या चर्चला जोडला जातो, आणि त्याच्यामागोमाग वह्या, चांदीची भांडी, घंटा, भिंतीवरच्या पाट्या आणि मागाहून झालेली स्मारकंही जातात. म्हणून शोध दगडविटांचा नाही, पॅरिशचा घ्यायचा. खाली सिटीतल्या चर्चच्या उदाहरणांनी ही पद्धत दिली आहे. अर्धंअधिक काम घरबसल्या होतं.

आधी नाव पक्कं करा

सिटीत एकाच संताची अनेक चर्च होती. मध्ययुगात ‘ऑल हॅलोज’ नावाची आठ आणि ‘सेंट मायकल’ नावाची सात. त्यामुळे नावाचं शेपूट, म्हणजे ‘कॉर्नहिल’, ‘बॅसिशॉ’, ‘ल पोअर’, हेच खरं नाव समजा. नुसतं ‘सेंट पीटर’ शोधलंत तर दोन चर्चचे कागद एकमेकांत मिसळतील आणि ते महिनाभर लक्षातही येणार नाही. स्पेलिंगही एक धरून बसू नका. ‘पोअर’ जुन्या कागदांत निदान दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. सापडेल तो प्रत्येक पर्याय एका कागदावर टिपून ठेवा आणि प्रत्येक सूचीत ते सगळे घालून पाहा.

मग जोडण्यांची साखळी काढा. सिटीत एकाच पाद्र्याकडे असलेल्या एकत्रित पॅरिशांना ‘बेनिफिस’ म्हणतात, आणि बेनिफिसचं पूर्ण नाव म्हणजे त्या भागाची वंशावळच असते. सेंट मार्गारेट लॉथबरीच्या पूर्ण नावात सेंट स्टीफन कोलमन स्ट्रीट, सेंट ख्रिस्तोफर ल स्टॉक्स, सेंट बार्थोलोम्यू बाय द एक्स्चेंज, सेंट ऑलेव्ह ओल्ड ज्यूरी, सेंट मार्टिन पोमरॉय, सेंट मिल्ड्रेड पोल्ट्री आणि सेंट मेरी कोलचर्च अशी सात नावं येतात. सातांपैकी एकही चर्च आज पूर्ण उभं नाही. आपल्या उदाहरणात साखळी छोटी आहे. सेंट बेनेट फिंक १८४० च्या दशकात रॉयल एक्स्चेंजच्या नव्या बांधणीसाठी गेलं आणि त्याचं पॅरिश सेंट पीटर ल पोअरला जोडलं गेलं. मग पीटर गेलं आणि दोन्ही मिळून सेंट मायकल कॉर्नहिलकडे आली. त्यामुळे १८०१ मध्ये सेंट बेनेट फिंकमध्ये बाप्तिस्मा झालेल्या, आणि पुढे कार्डिनल व संत झालेल्या जॉन हेन्री न्यूमनची नोंद शोधायला निघालेला माणूसही शेवटी कॉर्नहिलचं नाव ऐकतोच.

ते का गेलं, ते आधी विचारा

कारण कळलं की कागद कुठे असतील हे निम्मं कळतं. सिटीतली चर्च मुख्यतः चार कारणांनी गेली, आणि प्रत्येक कारण मागे वेगळे कागद सोडून जातं.

१६६६ च्या आगीत ऐंशीहून अधिक पॅरिश चर्च जळाली आणि ५१ पुन्हा बांधली गेली. जी बांधली नाहीत त्यांची पॅरिशं मात्र कागदावर राहिली, काही ठिकाणी स्मशानाच्या तुकड्यासह. दुसरं कारण सार्वजनिक किंवा पैशाच्या ताकदीचं बांधकाम. सेंट ख्रिस्तोफर ल स्टॉक्स १७८२ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या विस्तारासाठी पाडलं. अशा वेळी संसदेचा कायदा आणि जमिनीचे व्यवहार हाताशी येतात.

तिसरं कारण कमी माहितीचं, पण माग काढणाऱ्याला सर्वांत लाभाचं. सिटीत राहणारी माणसं १८५१ मध्ये सुमारे १,२८,००० होती, ती १९०१ मध्ये सुमारे २७,००० उरली. ऑफिसं वाढली, घरं गेली, रविवारी चर्च रिकामी. १८६० च्या ‘युनियन ऑफ बेनिफिसेस’ कायद्याने अशी चर्च पाडून जमीन विकायची आणि त्या पैशातून उपनगरात नवं चर्च बांधायचं, अशी सोय झाली. म्हणून या प्रकारात दोन पत्ते शोधायचे: एक जवळचा, जिथे पॅरिश गेलं, आणि एक लांबचा, जिथे पैसा व सामान गेलं. सेंट पीटर ल पोअरचं पॅरिश कॉर्नहिलला गेलं, तर पैसा उत्तर लंडनमध्ये मसवेल हिलजवळ त्याच नावाच्या नव्या चर्चला गेला. जुन्या चर्चमधलं काही सामानही तिकडेच पोचलं. जवळचाच पत्ता पाहून थांबणं ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक.

सामान तर दोनदाही प्रवास करतं. सेंट डायोनिस बॅकचर्च १८७८ मध्ये पाडलं तेव्हा त्याच्या दहा घंटा ऑल हॅलोज लोम्बार्ड स्ट्रीटला गेल्या. १९३० च्या दशकाअखेर तेही पाडलं, तेव्हा त्याचा मनोराच उचलून ट्विकनहॅमला नेऊन उभारला आणि घंटाही तिकडे गेल्या. नव्या जागी ‘हे ऑल हॅलोजचं’ असं सांगतात तेव्हा त्यातलं काही त्याच्याही आधीच्या चर्चचं असू शकतं, हे ध्यानात ठेवा.

चौथं कारण बॉम्ब. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री सेंट स्टीफन कोलमन स्ट्रीट आणि न्यूगेट स्ट्रीटवरचं क्राइस्ट चर्च ग्रेफ्रायर्स जळालं. इथे ‘पाडण्याआधीची यादी’ असा सुखाचा कागद नसतो. जे वाचलं ते कोणीतरी उचललं म्हणून वाचलं. क्राइस्ट चर्चच्या बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं लाकडी झाकण एका पोस्टमनने आगीतून बाहेर काढलं असं सांगतात. ते आज सेंट सेपल्करमध्ये आहे, कारण पॅरिशही तिथेच जोडलं गेलं. सगळ्यांत दूर गेलं ते सेंट मेरी ऑल्डरमनबरी. जळून उरलेले त्याचे दगड १९६० च्या दशकात अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या फुल्टनला नेले आणि चर्चिल यांच्या १९४६ मधल्या तिथल्या भाषणाची आठवण म्हणून पुन्हा रचले.

नकाशावर जागा ठरवणं

निदान तीन काळांचे नकाशे एकावर एक लावा. सिटीसाठी ओगिल्बी आणि मॉर्गनचा १६७६ चा नकाशा इंचाला १०० फूट इतका मोठा आहे, त्यात चर्चचा आराखडाही ओळखू येतो. त्यानंतर १७४६ चा रॉकचा आणि १७९९ च्या सुमाराचा हॉरवुडचा. १८७० च्या दशकातला ऑर्डनन्स सर्व्हेचा १:१०५६ चा नगर-नकाशा आणि १८८० नंतरचे गोडचे विमा-नकाशे हे सर्वांत कामाचे. विमा कंपनीला आग लागण्याची धास्ती, म्हणून भिंत विटेची की लाकडाची, इमारत किती मजली, हे सगळं गोडमध्ये रंगाने आणि आकड्यांनी दिलेलं असतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आजच्या नकाशाशेजारी ठेवून फुकट पाहता येतात.

जुळवताना रस्त्याचा आधार घेऊ नका. रस्ते रुंद झाले, वळले, घरांचे क्रमांक बदलले. न हललेल्या तीन जागा निवडा, जसं की उभं असलेलं दुसरं चर्च, एखाद्या गिल्डचं, म्हणजे जुन्या व्यापारी-कारागीर संघाचं, सभागृह, बँक ऑफ इंग्लंडचा कोपरा, आणि तिथून अंतर मोजा. एकच खूण धरली तर नकाशा तिच्याभोवती फिरतो आणि चर्च शेजारच्या प्लॉटवर जाऊन बसतं.

बॉम्बने गेलेल्या चर्चसाठी लंडन काउंटी कौन्सिलचे हानी-नकाशे पाहा. काळा रंग म्हणजे पूर्ण नाश, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे, गडद लाल म्हणजे गंभीर हानी आणि दुरुस्तीची शंका, फिकट लाल म्हणजे गंभीर पण खर्च केल्यास दुरुस्त होण्याजोगं, नारिंगी आणि पिवळा त्याहून हलकं. जांभळ्या चर्चमधून पाट्या काढून नेलेल्या असण्याची आशा धरायला हरकत नाही, काळ्यात फार कमी.

कागद

सिटीतल्या पॅरिशांचं दप्तर पूर्वी गिल्डहॉल ग्रंथालयात होतं. २००९ पासून ते क्लर्कनवेलमधल्या ज्या संग्रहाकडे आहे, त्याचं नाव २०२४ पासून ‘द लंडन अर्काइव्ह्ज’ झालं. म्हणून जुन्या लेखात ‘गिल्डहॉल, हस्तलिखित क्रमांक अमुक’ असं दिसलं तर घाबरू नका, जुना क्रमांक नव्या सूचीत घालून शोधता येतो. सिटी पॅरिशांचे नवे क्रमांक ‘पी ६९’ ने सुरू होतात. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या वह्यांची चित्रं ऑनलाइन सापडतात, पण स्मारकासाठी त्यांचा उपयोग थोडाच. तुम्हाला हवेत ते वेस्ट्रीचे, म्हणजे पॅरिशच्या बैठकांचे, इतिवृत्त, चर्चवॉर्डनचे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पॅरिशच्या माणसाचे, हिशेब आणि सामानाच्या याद्या.

आणि सर्वांत वर ‘फॅकल्टी’. चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीत साधी पितळी पाटी लावायची झाली तरी बिशपच्या न्यायालयाची परवानगी लागते, तिलाच फॅकल्टी म्हणतात. अर्जासोबत पाटीचा मजकूर, आकार, साहित्य, जागा आणि अनेकदा रेखाचित्रही जोडलेलं असतं. पाटी नष्ट झाली तरी तिचा मजकूर इथे मिळू शकतो. ‘फोटोच नाही, मग संपलं’ म्हणून लोक इथे येण्याआधीच सोडून देतात, ते वाईट वाटतं. शोधताना पाटी लागल्याच्या वर्षाच्या मागेपुढे दोन-तीन वर्षं पाहा, कारण अर्ज, वर्गणी आणि अनावरण एका वर्षात क्वचितच उरकतं. चर्च जोडण्याचे हुकूम ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात छापून येत. ते फुकट ऑनलाइन आहे, पण शब्दशोधावर भरवसा ठेवू नका. जुन्या छपाईची अक्षरं यंत्र चुकीची वाचतं. रस्त्याच्या नावानेही शोधा.

स्मारक कोणाचं?

इथे जरा थांबा. कॉर्नहिलवरचं स्मारक रिचर्ड गोल्डन या शिल्पकाराचं, १९२० मध्ये उघडलेलं. ब्राँझचा संत मायकल, हातात ज्वाळांची तलवार, एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला झुंजणारी श्वापदं. त्यावरचा मजकूर नीट वाचा. या एकत्रित बेनिफिसच्या हद्दीतल्या ऑफिसांमधून स्वेच्छेने सैन्यात गेलेल्या २,१३० जणांची नावं युद्धकाळात या जागी नोंदवली होती, आणि त्यांपैकी निदान १७० जण मेल्याचं ठाऊक आहे, असं ते सांगतं.

यातला एकेक शब्द मोलाचा आहे. ‘बेनिफिसच्या हद्दीतल्या’ म्हणजे पीटर आणि बेनेट या गेलेल्या चर्चचे इलाखेही आत आले. ‘ऑफिसांमधून’ म्हणजे ही माणसं इथे राहत नव्हती. मुंबईच्या फोर्टमधल्या एखाद्या चर्चने डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या कारकुनांची नावं लावावीत, तसं हे आहे. मग अशा माणसाचं नाव चार ठिकाणी सापडू शकतं: सिटीतल्या चर्चच्या यादीत, त्याच्या बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या पाटीवर, शाळेच्या फलकावर आणि उपनगरातल्या घराजवळच्या चर्चमध्ये. चार पाट्यांवरची नावं बेरजेला घेतली तर एक मेलेला माणूस चारदा मोजला जातो. ‘स्वेच्छेने’ म्हणजे १९१६ मध्ये सक्तीची भरती आल्यावर गेलेले या यादीत नसू शकतात, नाव नाही म्हणून तो ऑफिसात नव्हता असं होत नाही. ‘नोंदवली होती’ म्हणजे मूळ यादी युद्ध चालू असताना वाढत गेलेली होती, दगडात कोरलेली नव्हे. आणि ‘निदान’ या शब्दात स्मारक करणाऱ्यांचा प्रामाणिकपणा आहे. आकडा लिहिताना तुम्हीही तो शब्द गाळू नका.

वर्षंही सुधारू नका. पुष्कळ पाट्यांवर १९१४–१९१९ असतं. लढाई थांबली ११ नोव्हेंबर १९१८ ला, तह झाला २८ जून १९१९ ला. कोणी हे धरलं, कोणी ते.

स्मारक म्हणजे पाटीच, हेही डोक्यातून काढा. रंगीत काचेची खिडकी, ऑर्गन, घंटा, वेदीवरचा क्रूस, पेला, निशाण, चौकटीतला हस्तलिखित सन्मानपट, सगळं स्मारक असू शकतं, आणि पेल्यावरचा मजकूर तळाशी कोरलेला असतो. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या युद्धस्मारक-सूचीत शोधताना आजचं ठिकाण आणि जुनं ठिकाण दोन्ही घाला. हलवलेली स्मारकं बऱ्याचदा नव्या चर्चच्या नावाखाली पडलेली असतात.

नावामागचा माणूस

पाटीवर बहुधा आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच असतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन सूचीत सुरुवात करा, ती फुकट आहे. तिची मुदत लक्षात ठेवा: पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. १९२२ मध्ये जखमांनी गेलेला माणूस पाटीवर असेल, सूचीत नसेल. चर्चवाले तारीख पाहून नाव कोरत नव्हते.

मग १९११ ची जनगणना. व्यवसायात ‘क्लार्क’, कामाच्या प्रकारात बँक, विमा किंवा शेअर दलाली आणि घर उपनगरात, असं जुळलं तर उमेदवार पक्का होऊ लागतो. तरी निदान दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय ‘हाच तो’ लिहू नका. सैनिकांच्या सेवा-नोंदींवर फार विसंबू नका. सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधल्या लष्करी गोदामाला आग लागली आणि पहिल्या युद्धातल्या शिपायांच्या सुमारे ६० टक्के फायली गेल्या. उरलेल्या ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधल्या ‘डब्ल्यूओ ३६३’ या मालिकेत आहेत, कडा जळालेल्या. पदकांची कार्डं ‘डब्ल्यूओ ३७२’ मध्ये मिळतात आणि बहुतेकांची असतात. अधिकारी वेगळीकडे, ‘डब्ल्यूओ ३३९’ आणि ‘३७४’ मध्ये.

हा माग कधी कधी थेट पुण्यात येतो. १९१४ च्या शरदात नियमित फौज फ्रान्सला हलवण्यासाठी इंग्लंडच्या टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांच्या, पलटणी हिंदुस्थानात पाठवल्या. त्यांत लंडनच्या उपनगरांतल्या मिडलसेक्स रेजिमेंटच्या १/९ आणि १/१० (नवव्या आणि दहाव्या पलटणीची पहिली तुकडी) या पलटणी होत्या, म्हणजे नेमके सिटीत कामाला जाणाऱ्या माणसांचे भाग. यातला कोणी इथे तापाने किंवा इन्फ्लुएन्झाने गेला, तर त्याचं नाव खडकीच्या युद्ध-दफनभूमीतल्या १९१४–१९१८ च्या स्मारकावर असू शकतं. ज्यांच्या मूळ कबरी भारत-पाकिस्तानातल्या छावण्यांच्या दफनभूमींत नीट राखणं शक्य उरलं नाही, अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावं तिथे आहेत. त्यात मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून १९६२ मध्ये आणलेल्या ६२९ जणांचाही समावेश आहे. तेव्हा कमिशनच्या सूचीत ‘खडकी’ दिसलं तर ‘इथे मेला’ किंवा ‘इथे पुरला’ असं तपासल्याशिवाय लिहू नका. मृत्यू आणि दफनाची नोंद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या धार्मिक विवरणांत बघा. मुंबई इलाख्याची मालिका ‘एन/३’, मद्रासची ‘एन/२’, बंगालची ‘एन/१’. पुण्यातून कोणाला मदत करायची असेल तर खडकीच्या त्या फलकाचा स्वच्छ फोटो लंडनच्या संशोधकाला सोन्यासारखा असतो.

पाटीसमोर

सिटीतली बरीच चर्च आठवड्याच्या दिवशी दुपारी उघडी आणि शनिवार-रविवारी बंद असतात. पर्यटकासारखं रविवारी गेलात तर दाराला कुलूप. आधी विचारून जा.

झिजलेली अक्षरं समोरून फ्लॅश मारून वाचता येत नाहीत, उलट सपाट होतात. फ्लॅश बंद करा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाका. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, असे तीन फोटो. उभ्या रेषा डाव्या-उजव्या प्रकाशात उठतात, आडव्या वरच्या प्रकाशात, म्हणून एकाच फोटोत ‘इ’ चा ‘एफ’ आणि ‘ओ’ चा ‘सी’ दिसतो. पितळेवर तुमचंच प्रतिबिंब पडतं, तेव्हा कॅमेऱ्यामागे काळं कापड धरायला कोणाला तरी सांगा. संपूर्ण पाटी, दर चार-पाच ओळींचा तुकडा, भिंतीवरची जागा आणि खालच्या कोपऱ्यातलं कारागिराचं बारीक नाव, एवढं घेतल्याशिवाय निघू नका. खडू, शेव्हिंग फोम, पीठ, तारेचा ब्रश, ब्रासो यातलं काहीही दगडाला किंवा धातूला लावू नका. फोममधलं आम्ल संगमरवर खातं, आणि ब्रासो दरवेळी अक्षराची कड थोडी घेऊन जातो.

मजकूर ओळीला ओळ उतरवा. ओळ संपली तिथे तिरपी रेघ, शंकेचं अक्षर चौकोनी कंसात, न वाचता आलेल्या प्रत्येक अक्षराला एक टिंब. स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच ठेवा. घरी येऊन त्याच दिवशी फोटोवरून दुसऱ्यांदा, पहिली प्रत न बघता उतरवा आणि दोन्ही ताडा. ताडताना फरक निघतोच, बहुधा आकड्यांत.

शेवटी म्युझियमच्या सूचीत नोंद दुरुस्त करायला पाठवताना जुनं चर्च, पाडल्याचं वर्ष, पॅरिश कुठे गेलं, पाटी आज कुठे आहे आणि हे कशावरून कळलं, इतकं एका परिच्छेदात लिहा, सोबत फोटो जोडा. पाटी भिंतीवर नसेल तर तळघर, घंटाघर आणि वेस्ट्रीच्या, म्हणजे इथे पाद्र्याच्या खोलीतल्या, कपाटामागे पाहायला चर्चच्या वॉर्डनला नम्रपणे सुचवा.